साच्याला लागलेलं हळदीचं बोट

महारुद्र मामांनी खंडेनवमीला आजवर कशाकशाची पूजा केली, हे सांगायला बसलं तर पुढची खंडेनवमी उजाडेल. घरचा मिक्सर, सायकलचा पंप, टीव्हीचा रिमोट ही झाली नेहमीची मंडळी. एका वर्षी ते खंडेनवमीच्याच दिवशी एसटीनं ताडकळसला निघाले होते, तर त्यांनी कंडक्टरच्या तिकीट मशीनलाच कुंकवाचं बोट लावलं. ताडकळस येईपर्यंत त्या मशीनमधून तिकिटं लाल निघाली, आणि लोकांनी ती फेकली नाहीत, देव्हाऱ्यात ठेवली. खोटं वाटत असेल तर ताडकळसात जाऊन विचारा. तिथे आता कुणाला आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

असे हे मामा परभणीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट. आणि ज्या यंत्रावर निकिताचं सगळं भवितव्य टांगलेलं होतं, त्या यंत्राच्या खोलीची किल्ली मामांच्या करगोट्याला.

निकिता पूर्णेची. वडील बन्सीधर रेल्वेत. एम.एस्सी. झाल्यावर ती सिद्धोधन सरांच्या हाताखाली एका प्रोटॉनच्या मागे लागली होती, आणि मागे लागली म्हणजे अशी की जेवताना वरणातली हळद बघूनही तिचा घास हातातच राहायचा. हळदीला पिवळं करणारा जो रेणू असतो, त्याच्या मधोमध ऑक्सिजनचे दोन अणू समोरासमोर बसलेले असतात आणि त्या दोघांत एक प्रोटॉन. तो धड याचा नाही, धड त्याचा नाही. घटकेत इकडे, घटकेत तिकडे.

"बाबा, समजा पूर्णेला एक माणूस हाय," तिनं वडिलांना समजावलं होतं. "नांदेडच्या गाडीत बसावं का अकोल्याच्या, हे त्याचं ठरंना. दोन फलाटांच्या मधी नुसता पळायलाय."

"तिकीट कुठलं काढलंय त्यानं?"

"दोन्हीकडचं."

बन्सीधरांनी बराच विचार केला. "मंग टीसी काय करील त्याला," ते म्हणाले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली. तेव्हापासून ते ड्यूटीवरून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "चढला का न्हाई गं तो कोणत्या गाडीत?"

आता असल्या पळत्या माणसाला पकडायचं कसं, तर इन्फ्रारेडनं. इन्फ्रारेड म्हणजे डोळ्याला न दिसणारा पण चुलीपुढं बसलं की गालाला कळणारा उजेड. तो रेणूंवर सोडला की रेणूतला एकेक जोड आपापल्या ठेक्याचा उजेड पिऊन टाकतो, आणि यंत्राच्या पडद्यावर सरळ चाललेल्या रेघेला त्या जागी खड्डा पडतो. जो प्रोटॉन आपल्या घरी निवांत बसलाय त्याचा खड्डा अरुंद, खोल, नीट दिसणारा. पण जो दोघांत ओढला जातोय त्याचा खड्डा जागेवरून सरकतो, पसरतो, पसरून पसरून नुसता उतार होतो. फोटो काढताना कुणी हललं की त्याचं तोंड पुसट होतं, तसं. निकिताला तो उतार सापडला होता. आठ-आठ दिवस एकेका आलेखाशी झोंबून सापडला होता.

आणि पुण्याच्या राजनंदिनी मॅडमना तो बघायचा होता.

राजनंदिनी मॅडमची प्रयोगशाळा म्हणजे लेझरची. तिथे तो प्रोटॉन इकडून तिकडे उडी मारतो ती उडीच बघता यायची. दर वर्षी त्या बाहेरचा एकच विद्यार्थी घ्यायच्या. एम.एस्सी.ला असल्यापासून निकिताला ती एक जागा हवी होती, बाकी काहीही नको होतं. मॅडमनी फोनवर तिला सांगितलं होतं, "पाठवलेले आलेख मी बघत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला नांदेडला जायचंच आहे, वाटेत उतरते. आधी रिकामी गोळी दाखवा, मग हळद. पटलं तर घेते."

रिकामी गोळी म्हणजे नुसत्या मिठाची. आपलं जेवणातलं मीठ नव्हे, पोटॅशियम ब्रोमाइड नावाचं. ते खलून पोलादी साच्यात घालायचं, वरून दाबायचं, की काचेसारखी चकती निघते. हे मीठ इन्फ्रारेडच्या वाटेत येत नाही, म्हणून हळदीचा रेणू त्याच्यातच कालवून बघतात. नुसत्या मिठाची रेघ सरळ आली, तरच पुढच्या खड्ड्यांवर भरवसा ठेवायचा.

दसऱ्याला निकिता पूर्णेला गेली. सिद्धोधन सर आदल्या दिवशीच नागपूरला, दीक्षाभूमीला गेले. जाताना त्यांनी मामांना बजावलं, "पूजा खुशाल करा, मामा. पण बाहेरून. यंत्रात पाण्याचा थेंब गेला तर आतल्या मिठाच्या खिडक्या विरघळतील."

"बेफिकीर ऱ्हावा सर," मामा म्हणाले. "बाहेरूनच."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की कॉलेजच्या आवारातल्या लिंबाची सावली लिंबाखालून उठून पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली होती. निकिता आणि सर सकाळीच परत आले होते. राजनंदिनी मॅडम रिक्षातून उतरल्या. पांढरे कापलेले केस, सुती साडी, खांद्याला पिशवी. मामांनी नवी टोपी घातली होती. त्यांनी तांब्याभर पाणी पुढं केलं. मॅडम प्यायल्या आणि म्हणाल्या, "चहा नंतर. रिकामी गोळी."

निकितानं मीठ खललं. साच्यात भरलं. मामांनी दाबयंत्राचा दांडा ओढला. गोळी निघाली, यंत्रात गेली, झाकण बसलं. पडद्यावर रेघ डावीकडून निघाली आणि थोडं चालून जी खाली गेली, ती गेलीच. वर आली, पुन्हा अडखळली, आणि शेवटी शेवटी तर अशा खड्ड्यात पडली की ज्यातून आमच्याकडची बैलगाडीसुद्धा बाहेर आली नसती.

मॅडम चष्मा वर करून बघत राहिल्या.

"ही रिकामी गोळी?"

"हो मॅडम."

"रिकामी असून पोट इतकं भरलेलं?"

सिद्धोधन सर मितभाषी. संकट जेवढं मोठं तेवढे ते कमी बोलत. ते म्हणाले, "दमट असेल."

मीठ ओल धरतं, हे खरं. निकितानं ते भट्टीत तापवलं, पुन्हा खललं, पुन्हा गोळी केली. रेघ पुन्हा त्याच जागी पडली, उलट जरा जास्तच समाधानानं.

मॅडमनी पिशवीतून गाडीचं तिकीट काढून वेळ बघितली. त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "निकिता, तुमचे सगळे आलेख याच साच्यातून निघालेत ना? मग त्यातला हा खड्डा किती आणि तुमचा प्रोटॉन किती, हे मी कसं ठरवायचं?"

पुण्याची जागा राहिली बाजूला, आता मागच्या सगळ्या आलेखांवरच माती पडायला आली होती. निकिताला वाटलं, यंत्रच बिघडलं म्हणून मोकळं व्हावं. मग वाटलं, वडील घरी येऊन विचारतील, चढला का गाडीत, तर काय सांगायचं. ती खुर्ची ओढून पडद्यापुढं बसली आणि खड्डे असे वाचायला लागली, जसं आपण भांडणाऱ्या शेजारणीचं तोंड वाचतो.

पडद्याच्या तळाशी उजेडाच्या ठेक्याचे आकडे असतात, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारे. साडेतीन हजारांच्या जरा खाली एक रुंद खड्डा. पाण्याचा असू शकतो. सोळाशेच्या वर एक. तोही पाण्याचा असू शकतो. पण हा शेवटचा, हजाराजवळचा, बैलगाडी गिळणारा? पाण्याचा तिथे काही कारभार नसतो.

"सर," ती हळूच म्हणाली, "हे पाणी नाही. हे पीठ आहे."

"पीठ?"

"स्टार्च. हजाराजवळ एवढा मोठा खड्डा त्याचाच पडतो. आणि माझ्या शुद्ध केलेल्या हळदीत स्टार्च औषधालासुद्धा नसतो." तिनं यंत्राचं झाकण उघडून गोळी चिमट्यात धरली आणि खिडकीसमोर नेली. गोळी पांढरी नव्हती. कावीळ होऊन गेलेल्या माणसाच्या डोळ्यासारखी, जेमतेम, संशयापुरती पिवळी होती. "कच्ची हळद आहे ही. दळलेली. स्वयंपाकघरातली. मी असली हळद या खोलीत कधीच आणत नाही."

तिनं मान वळवली. महारुद्र मामा छताचा पंखा बघत होते. पंखा बंद होता.

"मामा."

"जी."

"खंडेनवमीला पूजा केली?"

"केली की. दरसाल करतो." मामांनी टोपी सारखी केली. "सर म्हणले बाहेरून, बाहेरूनच केलो. यंत्राच्या डब्यावर हार घातलो. नारळ दाराच्या भायेर फोडलो. शंख तर पार व्हरांड्याच्या त्या टोकाला जाऊन वाजवलो, आत वारा जाऊ ने म्हणून. पाण्याचा थेंब आत नेला आसंल तर माझी जीभ झडावी."

"आणि साचा?"

"साचा भायेरच होता ना ताई. टेबलावर."

सिद्धोधन सरांनी कपाळाला हात लावला.

"साच्याला वरून लावली का हळद?" निकितानं विचारलं.

"तुमी त्याला एवढं जपता, मखमलीत गुंडाळून ठिवता. म्हणलो, देव कुठं आसंल तर आतच बसल्याला आसंल. तर उघडलो. आतमंदी दोन गोल चकत्या हायेत बगा, आरशावानी, गालावानी गुळगुळीत. दोन्ही गालाला एकेक बोट लावलो." मग घाईघाईनं, "मागून पुसलो पण. धोतराच्या सोग्यानं, चक्क घासून पुसलो. डोळ्याला दिसत व्हतं तेवढं सगळं पुसलो."

"डोळ्याला दिसत नाही ते बघायलाच तर हे यंत्र आणलंय, मामा," निकिता म्हणाली.

"मला काय ठावं," मामा म्हणाले, "हे एवढं चुगलखोर हाय म्हणून."

राजनंदिनी मॅडमचा चेहरा काही सांगत नव्हता. त्यांनी मामांना विचारलं, "हळद कुठली?"

"पेडगावची, बाईसाहेब. माझा मेहुणा रंगनाथ, त्याच्या रानातली." इथे मामांच्या आवाजात जीव आला, कारण रंगनाथच्या हळदीची कीर्तीच तशी होती. वाळवणावरून एकदा कोंबडी नुसती चालत गेली, तर ती वर्षभर अशी अंडी देत राहिली की आतलं पिवळं कुठं संपतं आणि कवच कुठं सुरू होतं ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. "भेसळ न्हाई. बिलकुल न्हाई."

"ते कळलं," मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या. "तुमच्या मेहुण्याच्या बाजूनं यंत्रानंच साक्ष दिली." आणि मग, निकिताकडे न बघता, "साचा धुऊन दाखवा."

ॲसिटोनमध्ये कापूस भिजवून निकितानं चकत्या पुसल्या. पहिला बोळा पिवळा निघाला. दुसरा पिवळसर. पांढरा बोळा यायला इतका वेळ लागला की मामा हळूच म्हणाले, "बोट जरा मोठंच लागलं वाटतं." गोळी केली. यंत्रात घातली. रेघ डावीकडून निघाली आणि पूर्णेहून निघालेल्या रुळासारखी सरळ, कुठे मान न वाकवता, पडद्याच्या पार टोकाला पोचली. दोन बोळे कपाटात ठेवून द्यावेत असं मामांना वाटत होतं, प्रसादासारखे. सरांनी नुसतं बघितलं, तेव्हा मामांनी ते केराच्या डब्यात टाकले.

मग निकितानं आपली शुद्ध हळद लावली. साडेतीन हजारांपाशी अरुंद, टोकदार खड्डा पडला. "हे रेणूच्या दोन टोकांचे प्रोटॉन, मॅडम. आपापल्या घरी बसलेत. आणि हा मधला." तिनं बोट पुढं नेलं. तीन हजारांच्या खाली रेघ जरा झुकली होती. खड्डा असा नव्हताच. उन्हाळ्यात आटलेल्या नदीचं पात्र लांबून दिसतं तसा नुसता उतार.

"हा उतार तुम्हाला दिसतो," मॅडम म्हणाल्या. "मला रेघ थकल्यासारखी दिसते. प्रोटॉन कशावरून?"

याच प्रश्नाची निकिता वाट बघत होती. प्रोटॉन काढून त्याच्या जागी त्याचा जड भाऊ, ड्युटेरियम, बसवला, तर तो जड असल्यामुळे हळू डोलतो, आणि त्याचा खड्डा खालच्या आकड्याकडे सरकतो. जे सरकलं ते प्रोटॉनचं, जागेवर राहिलं ते दुसऱ्या कुणाचं. अशी जड हळद तिनं करून बंद बाटलीत ठेवली होती. अडचण एकच. या जड भावाला आपल्या जागेचा मोह नाही. हवेतली ओल लागली की तो उठून जातो आणि साधा प्रोटॉन पुन्हा येऊन बसतो. माणसाच्या श्वासातली वाफसुद्धा पुरे.

"सगळ्यांनी बाहेर थांबा," ती म्हणाली. "गोळी यंत्रात बसेपर्यंत."

"मी बघायला आलेय," मॅडम म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सर दारात गेले. राहता राहिले मामा, आणि मामांशिवाय तो दांडा कुणाला ओढता येत नव्हता. दाबयंत्र एवढं जुनं होतं की ते फक्त त्यांचं ऐकायचं.

"मामा, श्वास धरता येईल?"

मामांनी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जसं पट्टीच्या पोहणाऱ्याला कुणी विचारावं की बाबा, पाय भिजले तर चालतील का. महादेवाच्या देवळात आरतीला शंख मामाच वाजवायचे. एका श्रावणात त्यांनी आरतीच्या सुरुवातीला शंख तोंडाला लावला, तो आरती संपली, प्रसाद वाटला गेला, लोक घरी जाऊन जेवून विसरलेल्या चपला न्यायला परत आले, तेव्हा खाली ठेवला.

मामांनी छाती भरून घेतली. निकितानं स्वतःचं तोंड ओढणीनं बांधलं आणि बाटली उघडली.

खल फिरला. भुकटी साच्यात गेली. मामांनी दांडा ओढला. त्यांचा चेहरा आधी गव्हाळ होता, तो हळूहळू रंगनाथच्या हळदीवर गेला. गोळी अजून दाबाखालीच होती. कुणाला घाई करता येत नव्हती. घाईनं काढलेली गोळी तडकते. मामा हळदीवरून कुंकवावर गेले. त्यांच्या टोपीचं टोक थरथरायला लागलं. निकितानं गोळी चिमट्यात उचलली, यंत्रात ठेवली, झाकण लावलं आणि कोरडी हवा सोडली. मामा आता कुंकवाच्याही पुढं, वांग्याच्या वाटेला लागले होते, पण त्यांना कुणी सोड म्हटलं नव्हतं, म्हणून ते उभेच.

रेघ निघाली. साडेतीन हजारांची जागा आली. टोकदार खड्डा तिथे जवळपास नव्हताच, एक ओरखडा तेवढा राहिला होता. रेघ पुढं गेली. तीन हजारांखालचा उतारही नव्हता, तिथे रस्ता सपाट. आणि सव्वीसशेच्या आसपास तोच टोकदार खड्डा, जसाच्या तसा, घर बदलून बसलेला. आणि त्याच्याही खाली, दोन हजारांच्या आगेमागे, तोच आळसावलेला उतार.

मॅडमनी पदर सोडला. त्या पडद्याजवळ आल्या आणि त्या उतारावरून हळूहळू बोट फिरवत राहिल्या, जसं कुणी झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवतं.

"सापडला म्हणायचा तर," त्या म्हणाल्या.

"सापडला असं नाही म्हणता येणार, मॅडम," निकिता म्हणाली. "तो थांबतच नाही. पण इथेच आहे, आणि पळतोय, एवढं नक्की."

"थांबला असता तर मला त्याचा काय उपयोग होता? जानेवारीत या. लेझरवर घालू त्याला. पळताना बघू."

दारातून सर म्हणाले, "चहा." आणि त्याच क्षणी तिला मामांची आठवण झाली.

"मामा, सोडा," ती म्हणाली.

मामांनी सोडला. टेबलावरचे गाळण कागद उडाले, मॅडमच्या साडीचा पदर पुन्हा तोंडावर आला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फडफडत जी उलटली ती डिसेंबरवर जाऊन थांबली. पुढं कॅलेंडरच नव्हतं म्हणून, नाहीतर जानेवारी त्याच दिवशी लागला असता.

चहा झाला. मॅडम निघाल्या तेव्हा मामा ताम्हण घेऊन व्हरांड्यात उभे होते. घरी आलेल्या बाईमाणसाला हळद-कुंकवाशिवाय जाऊ देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. निकिता दचकली, पण मामांनी हात वर केला. "भायेर हाय ताई. ह्या वेळेला खरंच भायेर हाय."

मॅडमनी कपाळ पुढं केलं. निकितानं बोट लावलं.

"कुंकू घरचं?"

"आमच्या केशरबाईनं केल्यालं," मामा म्हणाले. "हळदीला चुना लावला की लाल होतं."

मॅडमनी निकिताकडे भुवई उचलली. "चुन्यानं काय केलं?"

"प्रोटॉन काढून नेले, मॅडम. सगळेच."

मॅडम पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. मामांनी पेडगावच्या हळदीची एक पुडी त्यांच्या हातात ठेवली, आणि रिक्षा स्टेशनकडे गेली. निकितानं पूर्णेला फोन लावला. पलीकडून इंजिनाची शिट्टी आली, आणि मग वडिलांचा आवाज, "चढला का?"

"तो न्हाई चढला, बाबा. पण मी चढले."

चार-आठ दिवसांनी पुण्याहून फोन आला. मॅडमचा आवाज त्रासलेला होता. "निकिता, आमची रिकामी गोळी बघतेय सकाळपासून. हजाराजवळ खड्डा आहे. मीठ बदललं, भट्टीत घातलं, काही उपयोग नाही."

निकितानं तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. "मॅडम, ती पेडगावची पुडी कुठे ठेवली होती?"

पलीकडून कापडाच्या खिशात हात घातल्याचा आवाज आला, कागदाची चुरचुर ऐकू आली, आणि मॅडम म्हणाल्या, "लॅबकोटाच्या खिशात."

निकितानं फोन ठेवला आणि मामांना सांगितलं. मामा दाबयंत्राचा दांडा पुसत होते. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि समाधानानं पुन्हा घातली.

"म्हंजे," ते म्हणाले, "पुण्याच्या यंत्राची बी पूजा झाली. आता तुमी तिथं जायला हरकत न्हाई."